एक पाय या रिंगणात, एक पाय त्या रिंगणात

लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेला एक चौरस मी दरवर्षी भूमितीच्या पहिल्या तासाला वर्गासमोर धरते आणि हा कोणता आकार, असे विचारते. ‘चौरस’ हे उत्तर एका सुरात येते. मग तोच पुठ्ठा मी हातातल्या हातात जरासा फिरवते, म्हणजे त्याचे एक टोक वर आणि एक खाली येते, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. वर्ग क्षणभर गोंधळतो आणि मग बसकरपट्टीच्या कुठल्या तरी टोकाकडून उत्तर येते, ‘बाई, आता शंकरपाळी झाली.’ पुठ्ठा सरळ केला की पुन्हा चौरस. माझ्या हातात कात्री नसते आणि सगळे काही मुलांच्या डोळ्यांदेखत घडलेले असते, तरीही त्यांच्या दृष्टीने एक आकार गेलेला असतो आणि दुसरा आलेला असतो.

या उत्तराला मी पूर्वी हसत असे आणि दुरुस्त करून पुढे जात असे. माझ्याकडे चौथी-पाचवीचा जोडवर्ग आहे आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत मी आकार शिकवले ते तक्त्यावरून. कॅरम बोर्ड म्हणजे चौरस, दार म्हणजे आयत, समोसा म्हणजे त्रिकोण. चौरसांना लाल रंग द्या, आयतांना निळा रंग द्या, अशी कागदे मी रात्री बसून तयार करत असे. मुले रंगवण्यात रमत आणि तास छान झाला असे मला वाटे. त्याच मुलांना पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात ‘प्रत्येक चौरस हा आयत असतो’ हे विधान बरोबर की चूक, असे विचारले की जवळजवळ सगळी मुले ‘चूक’ म्हणत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. लाल आणि निळा हे दोन वेगळे रंग त्यांच्या हातात मीच दिले होते. एकच आकार एकाच वेळी लाल आणि निळा असू शकतो, हे त्या कागदावर दाखवण्याची सोयच नव्हती. शिवाय मुले रमली होती ती रंगात, भूमितीत नव्हे, हेही मला उशिराच कळले.

नेदरलँड्समधील पिएर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ साली उट्रेख्ट विद्यापीठात भूमितीच्या शिक्षणावर प्रबंध सादर केले होते. त्यांच्या मांडणीचा सार असा की, मूल आधी आकार त्याच्या एकूण रूपावरून ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहू लागते आणि त्यानंतर कुठे एका गुणधर्माचा दुसऱ्याशी असलेला संबंध त्याच्या ध्यानात येतो; आणि हा प्रवास नुसते वय वाढल्याने होत नाही, तो घडवावा लागतो. त्यातले एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: दोन वेगळ्या पायऱ्यांवर उभी असलेली माणसे एकच शब्द वापरतात, पण त्यांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचत नाही. मी ‘चौरस’ म्हणते तेव्हा माझ्या मनात चार समान बाजू आणि चार काटकोन असतात, तर माझ्या विद्यार्थ्याच्या मनात जमिनीवर नीट बसलेला कॅरम बोर्ड असतो. म्हणूनच शंकरपाळीचे उत्तर मी आता दुरुस्त करत नाही. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि महिनाभर पुसू देत नाही.

या गोंधळात आपल्या भाषेचाही वाटा आहे, आणि तो मजेशीर आहे. ‘आयत’ या शब्दाचा मूळ अर्थच लांब, ताणलेला असा आहे, त्यामुळे चौरसाला आयत म्हणायला मूल कचरते तेव्हा ते शब्दाशी प्रामाणिकच असते. याउलट ‘समभुज चौकोन’ हे नाव आपला गुणधर्म उघड सांगते. चौरस हा समभुज चौकोन आहे का, असे विचारले की मुले बाजू मोजतात आणि लगेच ‘हो’ म्हणतात. चौरस हा आयत आहे का, असे विचारले की वाद सुरू होतो. म्हणून मी क्रम बदलला. चौरस आणि समभुज चौकोन यांचे नाते आधी आणि आयताचे नंतर, असा क्रम ठेवल्यापासून मुलांचा विरोध पुष्कळ मवाळ झाला आहे.

हे नाते दाखवायला शंकरपाळीच उपयोगी पडते. दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना कागदाची गोल ‘पोळी’ कापायला सांगते. त्यावर पट्टी ठेवायची आणि पट्टीच्या दोन्ही कडांनी रेघा ओढायच्या. मग पट्टी तिरकी ठेवून पुन्हा दोन्ही कडांनी रेघा ओढायच्या. मधोमध जो चौकोन तयार होतो, त्याच्या चारही बाजू सारख्या निघतात. पट्टी कितीही तिरकी ठेवा, बाजू सारख्याच येतात, कारण दोन्ही वेळा रेघांमधले अंतर तेच, म्हणजे पट्टीच्या रुंदीइतकेच असते. पट्टी पहिल्या रेघांवर बरोबर काटकोनात पडली की चौरस मिळतो. एका वर्षी दोन मुलांनी दुसऱ्या रेघा ओढताना शेजाऱ्याची रुंद पट्टी घेतली आणि त्यांच्या शंकरपाळ्या लांबट झाल्या. त्या दोघांना वाटले आपले चुकले, पण समांतरभुज चौकोन वर्गात आला तो त्यांच्यामुळेच. हे सगळे आई कातण्याने पोळीवर रोजच्या सवयीने करत असते. सुट्टीनंतर एका मुलीने येऊन सांगितले की आईच्या शंकरपाळ्या तिने पट्टीने मोजल्या आणि ‘आईच्या समभुज नाहीत, मावशीच्या आहेत’. हा निष्कर्ष घरी कसा पोहोचला असेल, याची मला थोडी काळजी वाटली.

त्याच पोळीच्या कडेला उरलेले तुकडे मी टाकून देऊ देत नाही. दोन सरळ बाजू आणि एक वाकडी बाजू असलेला कडेचा तुकडा हा त्रिकोण आहे का, या प्रश्नावर अर्धा तास सहज जातो. पाठ्यपुस्तकात आणि तक्त्यांवर त्रिकोण नेहमी आडव्या पायावर नीट बसलेला असतो, त्यामुळे एखादा लांब, बारीक, तिरका त्रिकोण दाखवला की मुले त्याला त्रिकोण मानत नाहीत. ‘ही तर पाचर आहे,’ असे एक मुलगा म्हणाला होता. उलट कोपरे गोल झालेला समोसा त्यांना बिनतक्रार त्रिकोण वाटतो. काय त्रिकोण आहे हे दाखवण्याइतकेच काय त्रिकोण नाही हे दाखवणे गरजेचे असते, आणि दुसऱ्या कामात मुलांना अधिक रस असतो, कारण तिथे एखाद्याला हाकलून लावायचे असते.

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्या जोडण्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या पुष्कळ शिक्षकांना ठाऊक आहेत. गुल काढून टाकलेल्या तीन काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो आणि तो दाबला तरी हलत नाही. चार काड्या जोडल्या तर चौरस होतो, पण बोट लावताच तो कलतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेली ती शंकरपाळी समोर येते. इथे मी एकच विचारते: काय बदलले आणि काय बदलले नाही? काड्या त्याच आहेत, म्हणून बाजू बदललेल्या नाहीत. कोपरे मात्र बदलले. म्हणजे चौकोन कलत असताना सारा वेळ समभुजच राहतो, आणि चौरस हा त्याच्या वाटेवरचा एक थांबा ठरतो. दोन्ही शब्द एकाच वस्तूला लागू पडतात, हे सांगण्याची वेळच येत नाही, कारण मुलांनी बोटांनी तो थांबा गाठलेला असतो आणि ओलांडलेलाही असतो. घराच्या छपराची कैची त्रिकोणीच का असते, हे नंतर त्यांचे त्यांना सुचते.

सर्वांत जास्त आरडाओरडा होतो तो सुतळीच्या खेळात. बारा फूट सुतळीची दोन टोके बांधून मी तिचा वेढा करते आणि दर फुटावर एकेक रंगीत चिंधी बांधते. गाठी मारल्या तर सुतळी कमी पडते, म्हणून चिंध्या. तीन मुलांनी चिंधीपाशीच धरायचे आणि सुतळी ताणून त्रिकोण करायचा, एवढाच नियम आहे. बाकीच्यांनी प्रत्येक बाजूचे फूट मोजायचे. एका गटाचा ४, ४, ४ असा त्रिकोण झाला, दुसऱ्याचा ५, ५, २ आणि तिसऱ्याचा ३, ४, ५. चौथ्या गटाने ६, ३, ३ धरले. तिसरा मुलगा सुतळी ताणण्यासाठी मागे सरकू पाहत होता, पण ती येईना. दोघांनी ताणले तसा तो ओढला जाऊन त्यांच्या बरोबर मध्ये, एका रेषेत येऊन उभा राहिला आणि ओरडला, ‘बाई, त्रिकोण झोपला!’ तीन आणि तीन मिळून सहाच होतात, म्हणून तो झोपला, हे कारण त्याच गटाने शोधले. आता अजून वेगळे त्रिकोण होतील का, असे विचारल्यावर पाचवीच्या मुलांनी फळ्यावर मांडणी केली: सर्वांत मोठी बाजू सहा किंवा त्याहून जास्त चालणार नाही; ती पाच असेल तर उरलेले सात फूट पाच आणि दोन किंवा चार आणि तीन असेच वाटता येतात; ती चार असेल तर चार-चारच उरतात. म्हणजे त्रिकोण तीनच, आणि त्या तिघांत एक समभुज, एक समद्विभुज, एक विषमभुज. मी बारा फूट सुतळी घेतली होती ती ३, ४, ५ मधल्या काटकोनासाठी. प्रत्येक नावाचा बरोबर एकेक त्रिकोण त्यात दडला आहे, हे मला त्या दिवशी मुलांबरोबरच कळले. काटकोन तपासण्यासाठी कुठलाही कागद दोनदा घडी घालून त्याचा कोपरा लावतात. कागदाचा असा कोपरा माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या खिशात किंवा कंपासपेटीत असतो. तो पाच फुटी बाजूच्या समोरच्या कोपऱ्यात बरोबर बसला.

हा खेळ चालू असताना एका मुलाचे वडील त्याला न्यायला आले होते आणि फाटकापाशी उभे राहून पाहत होते. ते गवंडी आहेत. पाया आखताना आम्ही हेच करतो, असे त्यांनी सांगितले: एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि दोन खुणांमधले तिरके माप पाच फूट भरले की कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आला. दुसऱ्या दिवशी ते आपला गुण्या घेऊन वर्गात आले आणि त्यांनी मुलांना आणखी एक गोष्ट दाखवली. खोलीच्या समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या तरी खोली तिरकी असू शकते; म्हणून दोन्ही तिरकी मापे घ्यायची आणि ती सारखी भरली तरच खोली गुण्यात आहे असे म्हणायचे. मुलांनी लगेच फळा मोजला, तो गुण्यात निघाला. मग वर्गाचे दार मोजले. त्याच्या दोन कर्णांत जवळजवळ दोन सेंटीमीटरांचा फरक आला, आणि ते दार फरशीला का घासते हे कोडे मुलांच्या परीने सुटले. आयताचे कर्ण समान असतात, हे वाक्य त्यानंतर मला पाठ करून घ्यावे लागलेले नाही.

मात्र वर्गीकरण हा शब्द ज्यासाठी आहे, ते काम खऱ्या अर्थाने झाले ते मैदानावर, आणि तेही माझ्या चुकीमुळे. मी फक्कीने दोन रिंगणे आखली होती. पहिल्यात चारही बाजू सारख्या असलेल्यांनी जायचे आणि दुसऱ्यात चारही कोपरे काटकोन असलेल्यांनी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेला पुठ्ठ्याचा एकेक चौकोन होता. शिट्टी वाजताच समभुज चौकोन पहिल्या रिंगणात गेले, आयत दुसऱ्यात गेले, आणि ज्यांना कुठेच जागा नव्हती ते समलंब, पतंग आणि वेडेवाकडे चौकोन कडेला उभे राहून आरडाओरडा करू लागले. चौरस गळ्यात असलेली मुलगी पहिल्या रिंगणात धावली. तिथून कोणीतरी ओरडले की तुझे कोपरे काटकोन आहेत, म्हणून ती दुसऱ्या रिंगणात गेली. तिथे पहिल्या रिंगणातल्यांनी हाका मारल्या की तुझ्या बाजू सारख्या आहेत, तू आमची. अशा तिच्या तीन खेपा झाल्या. शेवटी वैतागून तिने एक पाय या रिंगणात आणि एक पाय त्या रिंगणात ठेवला. दोन रिंगणांत मी चांगले ढांगभर अंतर सोडले होते, त्यामुळे तिला धड उभेही राहता येईना. सगळे हसत असताना कडेला उभा असलेला पतंग गंभीरपणे म्हणाला, ‘बाई, तिचं नाही चुकलं, रिंगणं चुकली.’

मुलांनी एक रिंगण पायाने पुसले आणि दुसऱ्यावर चढेल असे पुन्हा आखले. मधल्या सामाईक जागेत ती मुलगी ऐटीत उभी राहिली. मग मी नवा नियम सांगितला की, समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असलेल्यांसाठी एक रिंगण आखा. थोड्या चर्चेनंतर असे दिसले की आधीच्या दोन्ही रिंगणांतल्या सर्वांनाच त्यात जागा द्यावी लागते आणि कडेचे दोन लांबट, तिरके चौकोनही त्यात येतात. तेव्हा मुलांनी दोन्ही रिंगणांभोवती एक मोठे रिंगण काढले. फक्की संपत आली होती, म्हणून त्याचा शेवटचा भाग चपलांनी रेघ ओढून पुरा झाला. पुढच्या वर्षी मी मुद्दाम रिंगणे दूर दूर आखली, पण तो रंग आला नाही, कारण वरच्या वर्गातल्या भावंडांनी उत्तर आधीच फोडले होते.

तरीही एक पाचवीचा मुलगा शेवटपर्यंत अडून बसला होता. चौरसाला चौरस हे स्वतःचे नाव असताना त्याला आयत का म्हणायचे, हा त्याचा प्रश्न होता आणि तो अजिबात बाळबोध नाही. मी त्याला सांगितले की सुमारे इ.स.पू. ३०० मध्ये युक्लिड नावाचा ग्रीक गणिती होऊन गेला आणि त्याचे मत तुझ्यासारखेच होते. युक्लिडच्या व्याख्येत आयत काटकोनी असतो पण समभुज नसतो, आणि समभुज चौकोनाला काटकोन नसतात. म्हणजे त्याची रिंगणे एकमेकांपासून दूरच होती. हे ऐकून तो मुलगा दिवसभर छाती काढून फिरत होता. मग आपण ती जवळ का आणली? याचे उत्तर गवंडीकाकांनी आधीच देऊन ठेवले होते. काटकोनी चौकोनाचे कर्ण समान असतात, हे एकदा पटले की चौरसासाठी ते पुन्हा तपासावे लागत नाही. आयतासाठी जे जे खरे, ते ते चौरसाला फुकटात मिळते. ‘फुकटात’ या शब्दाने तो जरा विचारात पडला. दोन बाय दोनच्या चौकटीत एकूण आयत किती, हे कोडे मी त्याला दिले. त्याने आधी ४ असे सांगितले आणि मग पाच चौरस धरून ९ असे लिहिले. दोन्ही उत्तरांखाली त्याने आपापली व्याख्याही लिहिली होती. त्याच्या वहीवर मी दोन ‘बरोबर’च्या खुणा केल्या आणि परीक्षेत ९ लिही, असे बजावले.

पिशवीत हात घालून न पाहता आकार ओळखणे, खिळ्यांच्या फळीवर रबर ताणणे, असे इतर खेळही मी घेते आणि ते चांगले चालतात. पिशवीच्या खेळात मात्र नाव सांगायला बंदी असते. फक्त बाजू आणि कोपरे यांविषयी बोलायचे आणि नाव दुसऱ्याने ओळखायचे. ही बंदी नसेल तर तो खेळ पुन्हा तक्त्यासारखाच होतो.

यंदा वर्षाच्या शेवटी समलंब चौकोनावरून नवीच अडचण उभी राहिली. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या व्याख्येनुसार त्याच्या संमुख बाजूंची एकच जोडी समांतर असते, त्यामुळे समांतरभुज चौकोन त्यात बसत नाही. रिंगणात एक पाय ठेवून उभी राहिलेली तीच मुलगी, जी आता पाचवीत आहे, तिने विचारले की मग चौरसाला एक न्याय आणि याला दुसरा न्याय कसा? मी कबूल केले की जगात काही ठिकाणी ‘किमान एक जोडी’ अशीही व्याख्या करतात आणि तिथे समांतरभुज चौकोन समलंबच्या रिंगणात येतो. वर्गाने मतदान घ्यायचे ठरवले. पाचवीच्या मुलांबरोबर चौथीच्या मुलांनीही हट्टाने मत दिले. ‘किमान एक’च्या बाजूने चौदा हात वर आले, ‘एकच’च्या बाजूने बारा. त्या मुलीने हात वर केला नाही. कारण विचारल्यावर ती म्हणाली, ‘आधी दोन्ही रिंगणं आखून बघू, फक्की आहे का?’